काळ्या पट्टीखालचे हात

२ जून

आलो एकदाचे तांबरमला, तमिळ मुलखात! उमाकांतच्या बँकेनं बदलीचा हुकूम काढला तेव्हा सांगलीत सगळ्यांनी चेहरे असे केले होते की आम्ही काळ्या पाण्यावर निघालोय. आईनं मेतकूट, मसाला, शेंगदाण्याची चटणी असं काय काय बांधून दिलं. आणि इथे दारात उतरलो तर घरमालकीण चक्क मराठीत म्हणाल्या, "या मा, बैसा. ऊन फार लागलं असंल, मोर पिता का?" मोर म्हणजे ताक. आम्हाला ते कळेपर्यंत अमोघनं पेला रिकामा केला होता.

सरोजाबाई मूळच्या तंजावरच्या. त्यांच्या घराण्यानं महाराष्ट्र सोडून कित्येक पिढ्या झाल्या, पण मराठी जपून ठेवलीय. त्यांच्या वाक्यात तमिळ शब्द असे पक्के बसलेत की काढायला जावं तर वाक्यच पडेल. खाली त्या एकट्या राहतात, वर आम्ही तिघं. अमोघ दोन वर्षांचा आहे. त्यानं संध्याकाळपर्यंत त्यांना 'पाटी' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे इथली आजी. माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. मी कामावर गेल्यावर तो त्यांच्याकडे राहील.

५ जून

नोकरी झकास आहे. मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे माणसाला आतून ओळखणारी आणि बाहेरून कधीच न भेटणारी डॉक्टर. सांगलीच्या हॉस्पिटलात निदान पेशंटची चप्पल तरी दिसायची. इथे तेही नाही. भांड्यांच्या दुकानाच्या वरचा मजला, थंडगार खोली, मोठे पडदे. जिथे एक्स-रेचं मशीन आहे पण तो वाचणारा डॉक्टर नाही अशा आडगावांतून चित्रं येतात. डोंगरातले दवाखाने, बेटांवरचे दवाखाने. चहा निवायच्या आत मी वाचून रिपोर्ट परत पाठवते. शिफ्ट दिवसाची, त्यामुळे उमाकांतही खूश.

प्रमुख डॉक्टर बालाजीराव, तेही तंजावरी मराठी. शिस्तीचे, शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही. आणि दिव्यश्री. लांबच्या टेक्निशियन लोकांशी फोनवर बोलणं, चित्र नीट आलं की नाही ते पाहणं हे तिचं काम. तिची आई घरात मराठी बोलते, पण हिला राग, हसू, घाई सगळं आधी तमिळमध्येच येतं. मला अक्का म्हणते.

९ जून

आज इथली एक गमतीची रीत कळली. लहान मुलाचा छातीचा एक्स-रे काढायचा तर ते हलतं, म्हणून आई शिशाचा एप्रन घालून त्याचे दंड डोक्याशी धरून ठेवते. मग चित्राच्या कडेला आईची बोटंही उमटतात. हाडांची बोटं, त्यांत अंगठी, मनगटात बांगडी. मला ती फार आवडतात. एवढ्या अनोळखी चित्रांत तेवढीच ओळखीची खूण.

पण दवाखान्यांच्या तपासणीत असा हात दिसला तर तो दोष धरतात, किरणांत दुसऱ्या कुणाचा हात येता कामा नये म्हणून. त्यावर आपल्या सेंटरनं तोडगा काढलाय. रिपोर्ट पाठवण्यापूर्वी कडेला काळी पट्टी ओढायची, हात झाकायचे. मूळ चित्र सर्व्हरवर तसंच राहतं, जातं ते झाकलेलं. मी म्हटलं, ज्या हातांनी पोर सांभाळलं त्यांनाच काळं फासायचं? दिव्यश्री हसली नाही. मला वाटलं हसेल.

१७ जून

डोंगरातल्या एका दवाखान्यातून वर्षाच्या आतली मुलगी. नावाच्या जागी नुसतं 'बेबी'. उजव्या बाजूला न्यूमोनिया, पण औषधानं बरा होण्यासारखा. दोन्ही बाजूंनी हात. बारीक धातूची बांगडी, डाव्या करंगळीचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. धरलं होतं मात्र किती हळुवार. मी पट्टी ओढली, रिपोर्ट पाठवला.

१८ जून

ती मुलगी गेली. दिव्यश्रीनं सांगितलं. असं होऊ नये इतका तो साधा न्यूमोनिया होता. मी म्हटलं, त्या आईचं काय झालं असेल. तर दिव्यश्रीला तिकडचा टेक्निशियन फोनवर म्हणाला, कसली आई? बसस्टँडवर सापडलेली मुलगी, कुणीच नव्हतं तिला. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून एक्स-रे काढला.

मग मी पट्टी ओढली ती कुणाच्या हातांवर?

२४ जून

आज एका बेटावरून तीन वर्षांचा मुलगा. बापाची नाव उलटली, आई वॉर्डात बेशुद्ध. चित्रात दोन हात. बारीक बांगडी. डावी करंगळी वाकडी.

मी 'बेबी'चं मूळ चित्र उघडलं आणि दोन्ही शेजारी शेजारी लावली. आमचं कामच ते, जुन्याशी नवं ताडून पाहणं. हाड खोटं बोलत नाही. एकच बाई. इकडे डोंगर, तिकडे समुद्र, आणि तीच बाई. मी इतक्या घाईनं पट्टी ओढली की ती त्याच्या खांद्यावरून गेली.

२६ जून

बेटावरचाही गेला. आईला शुद्ध आली होती म्हणे, तिनं मांडीवर घेतलं होतं. तिच्या मांडीवरच गेला.

बालाजीराव सरांना दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली. म्हणाले, मुलाला हातानं धरायला मनाई आहे म्हणून टेक्निशियन खोटं सांगतात, आया-दाया धरतात आणि नाही म्हणतात. आणि वाकड्या करंगळ्या देशात थोड्या आहेत का? पटण्यासारखं आहे. मला पटवून घ्यायचंही आहे. नवी जागा, मूल लहान, तू दमतेस, असं उमाकांत म्हणतो. मी दमलेली नाही, मी घाबरले आहे.

१ जुलै

जुनी चित्रं काढत बसले. जिथे खरी आई होती तिथे खऱ्या आईचे हात, आणि ती मुलं बहुतेक बरी होऊन घरी गेली. पण ज्यांना धरायला कुणी नव्हतं, त्या चित्रांत ती आहे. दर वेळी. आणि त्यातलं एकही पोर राहिलेलं नाही.

ती मुलं न्यायला येते. आणखी काय अर्थ घ्यायचा? आता ती दिसली की मी आधी पट्टी ओढते, मग छाती वाचते. घरी आले की अमोघला उराशी धरून बसते. सरोजाबाई विचारतात, "काय झालं मा?" काय सांगू?

४ जुलै

दिव्यश्रीला ती करंगळी दाखवली. तिनं पडद्यावर हातच ठेवला. "वेण्डाम अक्का, ते उघडू नको." मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच बोलली. निम्मं तमिळमध्ये. मी समजले ते असं.

सेंटर नवीन होतं तेव्हा डोंगरातून एका तान्ह्याचं चित्र आलं. आईनं धरलेलं. त्या दिवशी रिपोर्ट जायला फार उशीर झाला. इथल्या रांगेत चित्र पडून राहिलं आणि तिकडे आईच्या हातात मूल गेलं. ती सोडेना. चार माणसांनी बोटं उलगडून मूल काढून घेतलं, त्यात तिची करंगळी मोडली. ती तशीच वाकडी जुळली. वर्षभरात तीही गेली. पुढे तपासणीत तेच चित्र निघालं आणि कडेला हात दिसतो म्हणून दोष लागला. त्या दिवसापासून पट्टीचा नियम. पहिली पट्टी दिव्यश्रीनंच ओढली होती, त्याच हातांवर.

सांगताना रडत होती. मीही रडले. भीती कमी झाली नाही, पण तिच्यात काहीतरी दुसरं मिसळलं. कुणाचं तरी मूल असं हातातून ओढून घेतलं होतं.

९ जुलै

आज दोन गोष्टी घडल्या. पहिली घरची. मला पुन्हा दिवस गेलेत! उमाकांतनं शेजाऱ्यांना वाटायला मैसूरपाक आणला आणि अर्धा स्वतःच खाल्ला. अमोघला सांगितलं तर तो माझ्या पोटाला कान लावून "हॅलो" म्हणाला.

दुसरी सेंटरमधली. गेल्या आठवड्यात एका अनाथाश्रमातल्या मुलाचं चित्र होतं, त्यात ती होती. मी पट्टी ओढली, पण तेवढ्यात सिस्टीम अडकली आणि चित्र हातांसकट गेलं. मी मनातल्या मनात त्या पोराचा निरोप घेतला होता. आज दिव्यश्रीनं विचारून घेतलं. मुलगा बरा आहे. अंगणात खेळतोय. तब्येत त्याची बेबीपेक्षा वाईट होती, आणि तो खेळतोय!

म्हणजे ती न्यायला येत नाही. ज्यांना धरायला कुणी नाही त्यांना ती धरून ठेवते. आणि आम्ही तिचे हात पुसून टाकतो.

मी पुसले. भीतीपोटी सगळ्यांच्या आधी, घाईघाईनं मी पुसले. देवा!

१६ जुलै

पट्टी ओढणं बंद केलंय. ती दिसली की हात तसेच ठेवते, रिपोर्ट पाठवते. या आठवड्यात ती जिथे जिथे दिसली ती सगळी पोरं सुखरूप आहेत. आता तिची भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, पण चित्र उघडलं आणि ती असली की मी हळूच म्हणते, धर गं बाई, घट्ट धर.

२१ जुलै

आडी महिना लागलाय, इथला देवीचा महिना. देवीच्या देवळावरचे भोंगे दिवसभर चालू, दारादारांत कडुलिंबाचे डहाळे. सरोजाबाई आंबील करून गल्लीत वाटतात.

बालाजीराव सरांनी बोलावून घेतलं. तपासणीत पुन्हा हात दिसले, तक्रार आली. मी सगळं सांगितलं, अगदी सगळं. शेवटी सर इतकंच म्हणाले की डॉक्टर विद्युलता, या दिवसांत बाईचं मन हळवं होतं, सुट्टी घ्या. आणि आता तुम्हाला त्रास नको म्हणून नवं सॉफ्टवेअर बसवतोय. चित्र सेंटरला पोचताक्षणी हात आपोआप झाकले जातील. कुणी वाचायच्याही आधी.

मी हात जोडले. ते उठून उभे राहिले, पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. माणूस वाईट नाही. तेच तर.

२४ जुलै

सॉफ्टवेअर सुरू झालं. आता पडद्यावर कडा सगळ्या काळ्याच येतात. ती आहे की नाही तेही कळत नाही.

२६ जुलै

दोन मुलं गेली. एक डोंगरातलं, एक बेटावरचं. दोघांनाही कुणी नव्हतं.

राजीनामा लिहिलाय. उद्या देते. दिव्यश्री म्हणते, अक्का, तू गेलीस तर इथे मी एकटीच जाणती उरेन.

३० जुलै

राजीनामा दिला. आणि अमोघ तापलाय. खोकला परवापासून होता, मी साधा समजले. सरोजाबाईंनी त्याला खाली ठेवूच दिलं नाही. "ताप उतरेतोवर लेकरू मांडीवरच पाहिजे मा, खाली ठेवायचं नाही," म्हणाल्या. त्यांच्याकडची रीतच तशी. आम्ही आळीपाळीनं घेऊन बसलो.

१ ऑगस्ट

स्टेशनजवळच्या मुलांच्या हॉस्पिटलात आहोत. सकाळी श्वास फार जलद झाला म्हणून आणलं. लिहिते आहे कारण नुसतं बसवत नाही.

एक्स-रे काढायला नेलं. उमाकांत खाली कागद भरत होता. सरोजाबाईंना जिने चढवत नाहीत. टेक्निशियननं नेहमीचा प्रश्न विचारला, दिवस गेलेत का? मी हो म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं. पण इतकी वर्षं हा प्रश्न बायकांना विचारायला, 'मग तुम्ही बाहेर थांबा' असं सांगायला टेक्निशियनना मीच लावत आले. पोटातल्याला किरण नकोत. मीच मागे सरले.

त्याला फळीवर पट्ट्यांनी बांधलं. तो काचेतून माझ्याकडे हात पसरून रडत होता. आई, आई. मी काचेच्या अलीकडे. आणि मग रडता रडता एकदम शांत झाला. मान वळवून वर बघत राहिला, आपण ओळखीच्या माणसाकडे बघतो तसा.

चित्र मशीनच्या पडद्यावर आलं. मी आधी छाती पाहिली नाही. कडा पाहिल्या.

बारीक बांगडी. वाकडी करंगळी. माझ्या अमोघला कुणी धरलेलं नव्हतं, म्हणून ती आली होती.

१ ऑगस्ट, दुपार

या हॉस्पिटलची चित्रंही वाचायला आमच्याच सेंटरला जातात. मी टेक्निशियनला सांगितलं, मी स्वतः रेडिओलॉजिस्ट आहे, हे चित्र पाठवू नका, मी वाचते. तो बिचारा कबूल झाला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. बेबीसारखाच. मी हातानं रिपोर्ट लिहून इथल्या डॉक्टरांना दिला, औषध सुरू झालं.

तिचे हात झाकलेले नाहीत. या एका मशीनवर ते उघडे आहेत. तोवर तो राहील.

धर गं बाई. माझ्याच्यानं धरवलं नाही. तू धर.

२ ऑगस्ट

ताप उतरतोय! सकाळी अर्धी इडली खाल्ली. पाटी कुठेय म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, छान, असाच राहिला तर तीन-चार दिवसांत घरी. माझा जीव अजून भांड्यात पडलेला नाही, पण भांडं दिसायला लागलंय.

उमाकांतला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? तो बाहेरच्या बाकावर बसून एकटाच डोळे पुसत होता. मला पाहून हसला. घरी गेलो की सगळं सांगेन. ती कोण, तिचं मूल कसं गेलं, सगळं. तिच्यासाठी काही करता आलं तर करू.

२ ऑगस्ट, दुपार

अमोघ मांडीवर आहे. माझं बोट मुठीत धरून झोपलाय. श्वास चांगला —

उमाकांत आत्ता येऊन सांगून गेला. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाला, तू नेहमी सांगतेस ना, डॉक्टरनं आपल्या घरच्या माणसाचं चित्र स्वतः वाचू नये, माया आड येते, नजर चुकते. तू घाबरलेली दिसत होतीस. म्हणून मी बालाजीराव सरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच पाठवा, मी स्वतः पाहतो. टेक्निशियननं पाठवलंय. आता काळजी करू नको.

पाठवलंय.

तो पाणी आणायला गेला. त्यानं बरोबरच केलं. मीच शिकवलेलं.

दिव्यश्रीला फोन लावतेय. वाजतोय —

उचलत नाही. जेवायची वेळ —

पुन्हा. सरांचा लागत नाही —

अमोघनं डोळे उघडले. माझ्याकडे नाही. वर, माझ्या खांद्यावरून मागे बघतोय. काहीतरी शोधतोय. रडायला लागलाय. काचेपलीकडे रडत होता तसाच —

नर्स धावत गेली डॉक्टरांना —

दिव्यश्री, उचल. उचल ना गं. पट्टी काढ. एकदाच काढ —

त्याची मूठ उघडली. बोट सुटलं माझं. मी परत त्याच्या मुठीत घातलं, वळवलं एकेक बोट त्याचं, धर, बाळा, धर घट्ट, मी आहे, आई आहे, मी धरलंय तुला, बघ, मी —